माळ आहे का?

माझा बीडला डी. फार्मसीला नंबर लागला तेव्हा सासऱ्यांनी आधी पेढा खाल्ला आणि मग अट घातली. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. हे मामा धारूरच्या डोंगरावरचे शेतकरी, उंच, काटक, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी आणि बारा महिने गळ्याभोवती टॉवेल. बोलणं कमी, पण बोलले की तो शेवटचा शब्द.

अट अशी होती. माझा नवरा बीडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक होता आणि तिथंच वरच्या खोलीत आणखी तिघांबरोबर झोपायचा. तिथं सून राहायला जाणार नाही हे उघडच होतं. तेव्हा दोघांपुरती खोली किरायानं बघायची, किराया तीन हजारांच्या आत, गल्ली बरी, आणि खोली मामा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं.

"ऐतवारच्या सांजपातूर मिळाली तर मिळाली," मामा म्हणाले. "न्हाई तर यंदा ऱ्हाऊ दे. पुढल्या साली बघू."

पुढल्या साली बघू याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. माझ्या थोरल्या बहिणीला माहेरी हेच सांगितलं होतं. तिचं ते पुढलं साल अजून यायचंय, आणि तिची पोरगी आता दुसरीत गेलीय. मी आत जाऊन भाकरीचं पीठ जरा जास्तच जोरात मळलं. सासूबाई म्हणाल्या, परातीनं तुझं काय घोडं मारलंय? पेढ्याचा डबा त्यांनीच गुपचूप माझ्याकडे सरकवला.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी आणि मामा निघालो. घाट उतरायचा, तेलगाव, वडवणी, मग बीड, आणि संध्याकाळी तसंच उलट. नवऱ्याला सुट्टी नव्हती. तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा, जालना रोडला बघा, नगर रोडला बघा, आणि मागे कुठल्या तरी इंजिनाची धडधड ऐकू यायची.

जालना रोडला बघितलं. तिथं लिफ्ट होती आणि किराया आमच्या दुप्पट. मामा लिफ्टच्या दारात उभे राहिले, आत डोकावले आणि विचारलं, हे मधीच बंद पडलं तर माणूस कुठं असतो? दाखवायला आलेला माणूस हसला. मामा हसले नाहीत, त्यांना उत्तर हवं होतं.

मग छोट्या गल्ल्या. बीडमध्ये खोली शोधायची तर आपण घर बघायच्या आधी घरमालक आपल्याला बघतो. गाव कुठलं, आडनाव काय, आणि आडनावावरून उमगलं नाही तर सरळ, "म्हणजे तुमी कोण?" मामा सांगायचे, समोरचा मान हलवायचा. त्या मान हलवण्याचाच मला राग यायचा, मग ती होकाराची असो की नकाराची. एकानं नवं लग्न झालेलं जोडपं नको म्हणून सांगितलं, कारण वर्षभरात लेकरू होतं आणि रात्री रडतं. दुसऱ्याला पाहुणे चालत नव्हते. मामांनी त्याच्या ओट्यावरचा चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. पाव्हण्याला नगं म्हणायचं घर कसलं, असं रस्त्यानं दोनदा म्हणाले.

शनिवारी मात्र एक खोली खरंच चांगली सापडली. कॉलेजपासून पायी दहा मिनिटं, किराया बसणारा, मालक तयार. तिथं मामांनीच नाक मुरडलं. स्वयंपाकाच्या ओट्याच्या बरोबर समोर संडासचं दार होतं. "हितं भाकर नरड्याखाली कशी उतरायची?" मी म्हटलं, मामा, मी पाठ करून जेवीन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि धारूर येईस्तोवर वळले नाही. म्हातारा मुद्दाम करतोय असं माझं पक्कं मत झालं होतं. आजही ते पुरतं बदललेलं नाही.

रविवार उजाडला. इथं मामांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रविवारी घरात मटण नसेल तर आज रविवार आहे हे मामांना पटत नाही. येसराचं मसालेदार पीठ घालून केलेला तांबडा रस्सा, त्यात चुरलेली बाजरीची भाकरी, आणि नंतर अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. त्यात श्रावण नुकताच सरलेला, म्हणजे माणूस महिनाभर उपाशीच. दुपारपर्यंत चार खोल्या बघून झाल्या, चारही वाया गेल्या. मामा स्टँडजवळच्या एका खानावळीसमोर थांबले आणि म्हणाले, खोली मिळो न्हाई तर न मिळो, आता मी जेवणार. त्यांनी दोन ताटं मागवली. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं, म्हणून माझ्या ताटातलंही त्यांनीच संपवलं.

पैसे देताना मामांनी गल्ल्यावरच्या माणसाला सहज विचारलं. तो म्हणाला, बार्शी नाक्याच्या पलीकडे एक काकू आहेत, किराणा दुकान आहे, वरची खोली गेल्या महिन्यापासून रिकामी आहे. पण त्या माणूस बघून देतात, घाईनं देत नाहीत. मामांनी टॉवेलच्या टोकाला हात पुसले आणि आम्ही रिक्षात बसलो.

काकू सत्तरीच्या असाव्यात. एकट्याच. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि दुकानात मिठापासून मापापर्यंत सगळं जागच्या जागी. त्यांनी किल्ली दिली आणि वर जाऊन बघून या म्हणाल्या.

मी जिना चढले आणि माझं काम झालं. एक खोली, तिला लागून छोटं स्वयंपाकघर, संडास बाहेर गच्चीवर. भिंतीत चार फळ्यांचं कपाट होतं, पुस्तकं मावतील असं. खिडकीतून लिंबाचं झाड. नळ आठव्या दिवशी यायचा, पण वर स्वतंत्र टाकी होती. किराया अडीच हजार. मामांनी ओट्यासमोर उभं राहून चारही बाजूंना बघितलं आणि काही बोलले नाहीत. मामा काही बोलले नाहीत म्हणजे त्यांना आवडली. मला ती खोली इतकी हवीशी वाटली की कुठल्या फळीवर कुठलं पुस्तक हे मी मनात लावूनही टाकलं.

खाली आलो. काकूंनी दुकानातच दोन खुर्च्या टाकल्या, चहा आणला, गाव विचारलं, घरात कोण कोण ते विचारलं. मग मामांकडे बघून त्यांनी विचारलं, "माळ हाय का?"

मामांची छाती फुगली. "हाय की."

"कधीपासनं?"

"आज्यापासनं. तीन पिढ्या झाल्या."

आमच्या शेतामागे डोंगराच्या कडेला दोन एकर माळ आहे. सगळा दगडच, पण त्यात सीताफळाची जुनी झाडं आहेत आणि मामांचा जीव काळ्या रानापेक्षा त्या माळावर जास्त. शहरातली बाई घरमालकीण असून शेताची चौकशी करते, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं असणार. मलाही तोवर तसंच वाटलं.

काकूंनी हात जोडले. "कुणी मोडली तर न्हाई ना मधी?"

मोडली. माझा कप ओठांपाशीच थांबला. शेतातला माळ तो असतो. तो मोडला जातो, जेसीबी लावून, दगड काढून. मोडते ती गळ्यातली माळ, तुळशीची. एकदा घातली की मटण-मच्छी, दारू, सगळं सुटतं, आणि ज्यानं पुन्हा खाल्लं त्यानं माळ मोडली म्हणतात. काकू विचारत होत्या की आम्ही माळकरी आहोत का. गळ्यात टॉवेल असल्यामुळे त्यांना मामांचा गळा दिसत नव्हता.

मामांच्या मनात शेत होतं, त्यामुळे त्यांना ऐकू आलं तेही शेतच. त्यांनी सुस्कारा टाकला. "धाकल्या भावानं लई जोर केल्ता मोडायचा. मी म्हणलं, मी जिता हाय तवर न्हाई."

काकूंचे डोळे भरून आले. "अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता," त्या म्हणाल्या. "मग मला पुढचं काई इचारायचंच न्हाई. घराला बट्टा लागू देऊ नका, म्हंजे झालं."

"शब्द हाय माझा," मामा म्हणाले, आणि त्यांच्या हाताला अजून खानावळीच्या रश्शाचा वास होता.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण रविवारचे चार वाजले होते आणि एसटी साडेपाचची होती. मी चहा पिऊन टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्या दिवशी माझ्या मुठीत अडीच हजारांची खोली होती आणि मी ती घट्ट धरली. चुकून नाही, कळून सवरून.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी सामान घेऊन आले आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी नव्या खोलीत नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मला त्याच्या तोंडावर उशी धरावी लागली. मग गप्प झाला, कारण सकाळ-संध्याकाळ गाड्यावरचं ऑम्लेट हा त्याचा मुख्य आहार होता. आम्ही ठरवलं, घरात काही आणायचं नाही. तेवढं तरी आम्ही पाळलं.

त्या खोलीतले ते दिवस फार सुखाचे गेले, आणि हे मी लाजत लाजत सांगते आहे. सकाळी खिडकीत बसून औषधांची नावं घोकायची. दुपारी कॉलेजातून आले की काकूंच्या दुकानात अर्धा तास बसायचं, त्यांना चष्म्याशिवाय पुड्यांवरच्या तारखा दिसत नसत, त्या मी वाचून द्यायची. त्यांचा उपास सोमवारचा. पण एकादशी आली की सकाळीच खालून हाक यायची, चूल पेटवू नको गं, भगर टाकलीय. माळकऱ्याच्या घरची म्हणून त्यांनी साऱ्या गल्लीत माझी ओळख करून दिली होती. समोरच्या घरातली म्हातारी तर माझ्या पाया पडायला निघाली होती, मीच मागे सरकले. भगर आणि शेंगदाण्याची आमटी मी पोटभर खायची आणि प्रत्येक घासाला ठरवायची की उद्या सांगून टाकू. घास मात्र गोड लागायचा.

दसरा झाला आणि मामा आले. मी जिन्यात कपडे घेऊन उभी होते. गल्लीच्या तोंडाशी मामा दिसले, डोक्यावर सीताफळांचं टोपलं, एका हातात पिशवी. टोपल्याखाली चुंबळ केली होती, आणि चुंबळ टॉवेलची होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांचा गळा भर उन्हात उघडा बघितला.

त्यांनी टोपलं काकूंच्या दारात उतरवलं. चार मोठी, डोळे उघडलेली सीताफळं निवडून काकूंच्या हातात दिली. काकू विचारत होत्या, एवढी ही कुठली? मामा म्हणाले, "आमच्या माळाची. तुमी त्या दिशी इचारलं न्हवतं का? आज्यापासनं हाय म्हणलं मी, हाच."

काकू त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग वर बघितलं, माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

मी खाली आले आणि म्हणाले, "काकू, मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले."

सीताफळं काकूंनी टोपल्यात परत ठेवली, एकेक करून, चिरडणार नाहीत अशी. मामांना म्हणाल्या, "महिना भरू द्या. मग खोली मोकळी करा." आणि दुकानात गेल्या.

मामांना काहीच उमजलं नव्हतं. वर आल्यावर मी त्यांना तो माळ आणि ती माळ समजावून सांगितली. मला वाटलं, हसतील. ते खाटेवर बसले आणि पायजम्याचं टोक झटकत राहिले. पिशवीत सासूबाईंनी दिलेला डबा होता, झाकणाच्या कडेनं येसरचा वास येत होता. त्या डब्याकडे त्यांनी हात नेला नाही.

"तुला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"मग कावून बोलली न्हाई?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यामुळे जे मनात होतं तेच तोंडातून आलं. "तुम्ही म्हणाला असता, पुढल्या साली बघू."

मामा उठले, टॉवेल गळ्यात टाकला, डबा तसाच बंद उचलला आणि निघाले. जेवून जा म्हणायचंही मला सुचलं नाही. नवरा रात्री आला तेव्हा आम्ही दुसरी खोली कुठं मिळेल याची चर्चा केली आणि दोघांनाही उत्तर माहीत होतं, कुठंच नाही. तीन हजारांच्या आत, महिना भरायच्या आत, पुन्हा तेच. आणि या वेळी मामा खोली बघायला येतील की मला न्यायला, याची मला भीती होती.

ते आठ दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर कडेला व्हायच्या. दुकानातल्या पुड्या चष्मा लावून स्वतः वाचायच्या. मी कपाटातली पुस्तकं एका खोक्यात भरून ठेवली होती आणि रोज लागेल ते वरून काढून घेत होते.

नवव्या दिवशी सकाळी मामा आले. हातात काहीच नव्हतं. वर न येता ते सरळ दुकानासमोर उभे राहिले. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले, पुढे जायचा धीर झाला नाही. मामांनी गळ्याचा टॉवेल काढला, घडी घातली आणि खांद्यावर ठेवला. गळ्यात तुळशीची माळ होती. नवीकोरी, मणी अजून पिवळसर.

"गावच्या देवळात महाराजांच्या हातनं घातली," ते काकूंना म्हणाले. "त्या दिशी मी तुमाला शब्द दिल्ता. मला ठावं न्हवतं कशाचा, पण दिल्ता. आता खरा हाय."

काकू उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो पाव्हणं, खोलीपायी कुणी माळ घालतं का, ही काय खेळायची गोष्ट हाय? मामा म्हणाले की खेळ कशाचा, ऐतवारी त्याच येसरात वांगी खाल्ली, रस्सा तोच हाय, फकस्त आतला पाव्हणा बदलला. काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "या वयात सुटंल का तुमच्यानं?" त्यांनी विचारलं. "घाई कावून केली? दिवाळी हाय तोंडावर, लगनसराई हाय. पुढल्या साली घातली असती."

मामांनी दुकानाच्या फळीवर हात टेकला. जिन्याकडे त्यांनी बघितलं नाही, पण मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं.

"पुढल्या साली बघू म्हणलं की ते ऱ्हातंच," ते म्हणाले. "मीच म्हणत आलोय की जलमभर. मला म्हाईत हाय."

मी तिथंच पायरीवर बसले आणि ओढणीत तोंड खुपसून रडले, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामा पायताण काढून दुकानात जाऊन बसले. काकूंनी चहाचं आधण ठेवलेलं ऐकू आलं, कप काढल्याचा आवाज आला, तीन कप. मग त्या बाहेर आल्या आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या.

"नळ आलाय," त्या म्हणाल्या. "रडत काय बसलीस? चहा पी आणि पाणी भरून घे. आता आठ दिवस येत न्हाई."

मी चहा प्यायले, वर गेले, आणि आधी खोक्यातली पुस्तकं काढून परत कपाटात लावली. मग पाणी भरलं. टाकी, घागरी, बादल्या, पातेली, अगदी पेढ्याचा रिकामा डबासुद्धा. त्या दिवशी मी घरातलं एकही भांडं रिकामं ठेवलं नाही.